मजकूर येथे येईल

लेख वाचणाऱ्या माणसाला पान दिसत नाही आणि पान बघणाऱ्या माणसाला लेख दिसत नाही. दोघांचेही डोळे धडधाकट असतात, तरीही. एका मराठी संकेतस्थळावर लेखांची देखभाल करण्याचं काम माझ्याकडे असल्यामुळे या दुसऱ्या प्रकारच्या माणसांत माझी बरीच ऊठबस असते. अधूनमधून कोणाच्या तरी मनात येतं की आपलं लेखाचं पान जुनाट दिसायला लागलंय. (नवा साहेब आला की हे हमखास येतं. जुन्या साहेबाला ते जाता जाता कधी सुचल्याचं ऐकिवात नाही.) मग भिंतीवर मोठा पडदा लागतो, चहा येतो, आणि ज्यांनी गेल्या महिन्यात एकही लेख शेवटपर्यंत वाचलेला नाही अशी सगळी मंडळी लेखाचं पान कसं असावं यावर तळमळीने बोलायला लागतात.

पडद्यावर जे पान दाखवतात त्यावर लेख नसतोच. तिथे लॅटिन असतं. 'लोरेम इप्सम' असा सुरू होणारा तो उतारा जगभरच्या डिझायनरांचा लाडका आहे. मुळात तो सिसेरोच्या इसवी सनापूर्वी ४५ सालच्या तत्त्वज्ञानाच्या एका ग्रंथातून, अर्थ लागू नये अशा बेताने मोडूनतोडून उचललेला. १९६० च्या दशकात लेट्रासेटच्या घासून उमटवायच्या अक्षरांबरोबर तो डिझायनरांच्या टेबलावर आला आणि तिथून उठलाच नाही. अर्थ लागला की माणूस वाचायला लागतो, वाचायला लागला की त्याचं मांडणीवरून लक्ष उडतं, म्हणून मजकूर निरर्थक हवा, असा त्यामागचा विचार. विचार बिनतोड आहे. सिसेरो मूळ उताऱ्यात दुःखाविषयी बोलत होता, हेही एकूण बरंच जुळून आलं म्हणायचं.

मागच्या खेपेला आमच्या डिझायनर मुलीने ही प्रथा मोडली. "सर, आपण मराठी आहोत तर डमीसुद्धा मराठीच टाकू," म्हणाली. मला अभिमान वाटला. तिने लॅटिन काढलं आणि पानभर लिहिलं, 'मजकूर येथे येईल. मजकूर येथे येईल. मजकूर येथे येईल.' पान देखणं दिसलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. खरंच, इतका सोशिक मजकूर मी आयुष्यात पाहिलेला नाही. जोडाक्षर नाही, रफार नाही, सगळे शब्द आखूड, आणि वाक्य म्हणाल तर 'येईल' एवढंच आश्वासन देऊन गप्प बसणारं. त्या पानाला मंजुरी मिळाली. मग त्यात पहिला खरा लेख ओतला. तो सहकार चळवळीवरचा होता आणि त्याच्या पहिल्याच ओळीत 'कार्यकर्त्यांच्या', 'संस्थात्मक' आणि 'पुनरुज्जीवनाच्या' हे तिघे एका बाकावर बसायला आले.

फोनच्या पडद्यावर एका ओळीत मराठीचे चार-पाच शब्द मावतात, आणि त्यात 'पुनरुज्जीवनाच्या' आला तर दोनच. आमचे एक ज्येष्ठ लेखक आहेत, त्यांचा आग्रह की मजकुराच्या दोन्ही कडा छापील पुस्तकात असतात तशा सरळ हव्यात. त्यांच्या शब्दाबाहेर जायची कोणाची प्राज्ञा नाही. कडा सरळ केल्या. यंत्राने इमानदारीने दोन शब्द ओळीच्या दोन टोकांना नेऊन ठेवले आणि मध्ये एवढं मैदान सोडलं की तिथे एक छोटी जाहिरात बसली असती. हे मी मोठ्याने बोललो नाही, कारण जाहिरात विभागाचे गृहस्थ शेजारीच बसले होते.

इंग्रजीत या सगळ्याचे ठोकताळे तयार आहेत. रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट यांच्या अक्षरमांडणीवरच्या प्रसिद्ध पुस्तकात म्हटलंय की एका ओळीत ४५ ते ७५ अक्षरं सुखाने वाचता येतात, त्यातही ६६ म्हणजे उत्तम. आता 'स्त्र्यां' हे अक्षर एक धरायचं की किती, ते ब्रिंगहर्स्ट सांगत नाहीत. संगणकाला विचारलं तर तो त्यात स, त, र, य, त्यांना जोडणारे तीन हलन्त, काना आणि अनुस्वार असे नऊ तुकडे मोजून देतो. माझी मावशी एक मोजते. मी मावशीच्या बाजूने आहे.

देवनागरी ही तीन मजल्यांची वस्ती आहे हे रोमनवर वाढलेल्या साच्यांना पटवून देणं फार कठीण. मध्ये अक्षर, वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, हलन्त. त्यात वरच्या मजल्यावर एकाच वेळी वेलांटी, रफार आणि अनुस्वार असे तिघे भाडेकरू राहू शकतात. साच्यात दोन ओळींमधलं अंतर रोमनच्या मापाने धरलेलं असतं, तेव्हा वरच्या ओळीतल्या 'कृ'चा पाय खालच्या ओळीतल्या 'र्वां'च्या डोक्यावर पडतो. शीर्षकाची चौकट आणखी आखडती धरली तर वरचा मजला सरळ छाटलाच जातो. आमच्या खाद्यविभागात एका शीर्षकातल्या 'केळी'ची दुपारभर 'कळा' झाली होती. पाककृती उपवासाची होती, त्यामुळे कोणाला फारसं खटकलं नाही.

छापखान्यांनी ही लढाई आपल्याआधी शंभर-दीडशे वर्षं लढून ठेवलेली आहे. इंग्रजीचा कंपॉझिटर सव्वीस अक्षरांच्या छोट्या-मोठ्या जोड्या, अंक आणि विरामचिन्हं एवढ्यांवर संसार करायचा. मराठीच्या कंपॉझिटरपुढे खिळ्यांची शेकडो घरं असलेल्या केसा असत आणि कुठल्या घरात 'द्ध' आणि कुठल्या घरात 'द्व' हे त्याच्या बोटांना पाठ असे. हा पसारा कमी व्हावा म्हणून लोकमान्य टिळकांनी केसरीच्या व्यापातून वेळ काढून खिळ्यांची संख्या घटवण्याची खटपट केली होती. सावरकरांनी तर 'इ' आणि 'ए'ला रजा देऊन 'अि', 'अे' अशी अ-चीच बाराखडी लिहायला लावली. राजद्रोहाचे खटले आणि काळं पाणी भोगलेल्या माणसांना टाइपाच्या केसांकडे बघून घाम फुटला, यावरून काय ते समजावं. आणि हा व्याप अंगावर घेऊनही जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने अशी सुबक देवनागरी छापली की अजून जाणकार तिचा दाखला देतात. निर्णयसागरने पोथ्याही छापल्या, त्या पोथीच्याच आडव्या आकारात. पानं सुटी, ओळी लांबच लांब. यंत्र बदललं म्हणून वाचणाऱ्याच्या मांडीवरची सवय मोडायला हवी असं काही त्यांना वाटलं नाही.

आमच्या बैठकीत मात्र सवय हा शब्द शिवी म्हणून वापरतात.

आता अक्षरांतल्या हवेचा प्रसंग सांगायलाच हवा. पानासाठी बाहेरून एक सल्लागार बोलावले होते. त्यांचं म्हणणं, शीर्षकाला 'थोडी हवा' हवी. इंग्रजीत ही हवा अक्षरा-अक्षरांमध्ये अंतर वाढवून देतात आणि ती दिसतेही छान. महागड्या घड्याळांच्या जाहिरातीत 'पॅरिस' हा शब्द अर्धं पान व्यापून बसतो तो याच हवेवर. त्यांनी ती आमच्या मराठी शीर्षकाला दिली. शिरोरेषा तुटली. प्रत्येक अक्षर आपापल्या डोक्यावर रेघेचा तुकडा धरून सुटं उभं राहिलं. पडद्याजवळ जाऊन पाहिलं तर 'महाराष्ट्र'मधल्या म, हा आणि रा यांच्यात केसभर फट होती, 'ष्ट्र' आणखी पलीकडे गेला होता. सल्लागारांना त्यात काही वावगं दिसेना. त्यांना ती रेघ म्हणजे शब्दावर काढलेली एक वेगळी सजावट वाटत होती आणि तुटली तर तुटली, आधुनिक दिसते, असं त्यांचं मत पडलं. आमची डिझायनर मुलगी काही बोलली नाही. तिने लॅपटॉप पुढे ओढला, अंतराच्या आकड्याच्या जागी शून्य लिहिलं आणि पुन्हा पडद्यावर लावलं. रेघ सांधली गेली. मी तिच्याकडे बघितलं तर ती चहात बिस्कीट बुडवत होती.

त्याच सल्लागारांच्या नियमावलीत लेखकाचं नाव मोठ्या लिपीत द्यावं असंही एक कलम होतं. देवनागरीत मोठी लिपी नाही, त्यामुळे यंत्राला आज्ञा दिली तरी काहीच घडत नाही. हे 'काहीच घडत नाही' आमच्या तांत्रिक विभागात दोष म्हणून नोंदवलं गेलं, त्याला क्रमांक मिळाला, आणि तो कितीतरी दिवस 'प्रलंबित' या रकान्यात होता. अवतरणं तिरप्या अक्षरात द्यायचं कलमही होतं. रोमनमध्ये तिरपी अक्षरं वेगळी घडवलेली असतात. आपल्याकडे बहुतेक वेळा यंत्र उभ्या अक्षरांनाच ढकलून कलतं करतं. त्या अक्षरात एखाद्या थोर पुरुषाचं वचन वाचताना आपली मान आपोआप तेवढ्याच कोनात झुकते, हा माझा अनुभव आहे.

अक्षरांविषयी एवढं बोलल्यावर र. कृ. जोशींचं नाव न घेणं बरं दिसणार नाही. विंडोजबरोबर जो 'मंगल' फॉन्ट घरोघरच्या आणि कचेऱ्याकचेऱ्यांतल्या संगणकांवर पोचला तो या कवी-सुलेखनकाराने घडवलेला. लाखो सातबारे, परिपत्रकं, कारणे दाखवा नोटिसा त्या अक्षरात निघाल्या आणि वाचणाऱ्याला वाटत राहिलं की हे संगणकाचं अक्षर. संगणकाला अक्षर नसतं. आता निवडीला वाव आहे; मुंबईच्या एक टाइपने केलेला 'मुक्त' फुकट मिळतो आणि फोनवर तो चांगला वाचताही येतो. आम्ही फॉन्ट निवडायला बसलो तेव्हा मात्र सगळ्यांनी नमुने पाहिले आणि विचारलं, "यातला कुठला लवकर उघडतो?" प्रश्न रास्त होता. मी नाराज होण्याइतका अव्यवहारी नाही, पण झालो.

आता जाहिराती. पडद्यावरची पहिली मोठी पट्टीवजा जाहिरात ऑक्टोबर १९९४ मध्ये अमेरिकेत हॉटवायर्ड या संकेतस्थळावर झळकली, ती ए टी अँड टी या दूरध्वनी कंपनीची होती. तेव्हा लोकांनी कुतूहलाने ती दाबली म्हणे. ते कुतूहल संपलं तेव्हापासून जाहिरातीने लेखात शिरायला सुरुवात केली. आधी माथ्यावर, मग उजव्या अंगाला, मग तिसऱ्या परिच्छेदानंतर, मग दर तिसऱ्या परिच्छेदानंतर, आणि शेवटी पडद्याच्या तळाशी चिकटून बसली, ती तुम्ही कितीही खाली गेलात तरी बरोबर येते. आज बऱ्याच ठिकाणी लेखाचं पान म्हणजे सुट्टीतला एसटी स्टँड झालाय: आपल्या गाडीची पाटी शोधेपर्यंत शेंगदाणे, लॉटरी, रसवंती आणि सुलभ शौचालय सगळं वाचून होतं, आणि गाडी मागल्या फलाटावरून निघून जाते.

पण जाहिरातींना नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. लेखकाला जे काही तुटपुंजं मानधन जातं ते त्यातूनच. आणि मराठी वाचक जाहिरातीला बिचकणारा नाहीच. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण जाहिराती उलटत उलटतच अनुक्रमणिकेपर्यंत पोचतोय. मसाले, सहकारी बँका, पैठण्या, सराफ, 'हितचिंतकांकडून शुभेच्छा' हा सगळा डोंगर ओलांडल्याशिवाय दिवाळी अंक अंगाला लागत नाही. फरक एवढाच की ती जाहिरात आपल्या जागेवर बसलेली असे. कथेतली नायिका विहिरीच्या काठावर उभी असताना मध्येच सराफ येऊन उभा राहत नसे.

जुनं सगळं सोनं होतं असंही मी म्हणणार नाही. 'पुढील मजकूर पान १८६ वर' ही सूचना ज्यांनी भोगली आहे त्यांना विचारा. कथा रंगात आली की खाली कंसात हे वाक्य असायचं. आपण पान १८६ वर जायचो, तिथे दुसऱ्याच दोन कथांची शेपटं एकमेकांशेजारी नांदत असायची, आणि आपली कथा सापडेपर्यंत चुकून दुसरीचा शेवट वाचून व्हायचा. शिवाय पानपूरकं होती. लेख संपून खाली चार बोटं जागा उरली की तिथे एक विनोद, एखादं सुभाषित, हजारदा छापून झालेला नेपोलियनचा किस्सा. गंभीर लेखाच्या पायाशी तो विनोद बसलेला असे आणि आपण लेखाआधी तोच वाचत असू. संकेतस्थळावर पानाला तळ नसतो, जागा उरण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणजे पानपूरक संपायला हवं होतं. झालं उलटं. तिथे पानपूरकालाच अंत राहिला नाही. लेख संपला की दुसरा आपोआप सुरू, तो संपायच्या आत तिसरा. हे न संपणारं पान २००६ च्या सुमाराला घडवणाऱ्या अझा रास्किन यांनी नंतर त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. मराठी पानपूरककारांनी तेवढंही केलं नव्हतं.

आणि मधोमध 'हेही वाचा'. ही चौकट यंत्र भरतं. यंत्राला शब्द कळतात, प्रसंग कळत नाही. एका थोर गायकावरच्या मृत्युलेखात, त्यांनी शेवटच्या दिवसांत अन्नपाणी सोडलं होतं या वाक्याखाली आमच्याकडे 'हेही वाचा: उरलेल्या भाताचे दहा मिनिटांत खमंग थालीपीठ' असं आलं होतं. यंत्राचं फारसं चुकलं नव्हतं. 'अन्न' हा धागा त्याने बरोबर पकडला होता. त्या चौकटीतली शीर्षकं ठरावीक लांबीला कापायची अशी वर सूचना असते, आणि ती अशा जागी कापली जातात की त्यातून स्वतंत्र वाङ्मय तयार व्हावं. 'मधुमेह असेल तर गोड बिनधास्त खा…' हे मी स्वतः वाचलंय. पुढे 'ऊ नका' होतं. माझी खात्री आहे की ते कोणीतरी न दाबताच, समाधानाने, पुढे गेलं असणार.

शीर्षकाखाली वाचायला किती वेळ लागेल ते सांगायची पद्धत मीडियम या संकेतस्थळाने रूढ केली आणि आमच्या साहेबांना ती फार आवडली. हिशेब सोपा, शब्द मोजायचे आणि मिनिटाच्या वेगाने भागायचे. मराठीत अडचण अशी की आपण प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं सगळं शब्दालाच चिकटवतो. इंग्रजीला ज्यासाठी पाच-सहा शब्द लागतात ते काम 'घराबाहेरच्यांनासुद्धा' एकट्याने करतो. म्हणजे दोन्ही भाषांत सारखाच ऐवज असला तरी मराठी लेख कागदोपत्री लवकर वाचून होतो. पण आमची अडचण तिथवर पोचलीच नाही. शब्द मोजायचं जे तयार साधन बसवलं होतं त्याला फक्त रोमन अक्षरांचेच शब्द ओळखता येत होते. ज्येष्ठ लेखकांच्या आत्मचरित्रपर दीर्घ लेखावर पहिल्या दिवशी सकाळी ठळक अक्षरात झळकलं: 'वाचनकाळ: ० मिनिटे'. त्यांचा फोन आला. "समीक्षा कोणी केली?" एवढंच त्यांनी विचारलं.

मावशीचा उल्लेख वर झालाच आहे. ती डोंबिवलीला असते, सत्तरी ओलांडलेली, आणि आमच्या संकेतस्थळावरचे लेख खरोखर वाचणारी जी थोडी माणसं मला प्रत्यक्ष माहीत आहेत त्यांत ती पहिली. नव्या पानाची चाचणी म्हणून मी तिच्याकडे जाऊन नुसता बसलो. तिच्या फोनवर अक्षर सगळ्यात मोठं करून ठेवलेलं. लेख उघडला. वर आमच्या नावाची चिकट पट्टी, खाली जाहिरातीची चिकट पट्टी, त्यावर 'सूचना मिळवू इच्छिता?' ही चौकट. राहिलेल्या फटीत तीन ओळी. मावशीने पहिली ओळ वाचायला घेतली आणि वरची जाहिरात उशिरा उगवल्यामुळे मजकूर एकदम खाली सरकला. "थांब रे बाबा," ती फोनला म्हणाली. मग तिने फोन टेबलावर पालथा नाही, उताणा ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मला वाटलं रागावली. तर ती गॅसवरचं दूध बघून, डबा झाकून, पदराला हात पुसत परत आली आणि म्हणाली, "आता हलायचं ते हलून झालं असेल." आणि वाचायला लागली. डाव्या हाताच्या अंगठ्याने तिने खालची जाहिरात झाकली होती, दाबत नव्हती, तो नुसता वर धरला होता. इतक्या अंतरावर अंगठा धरायला सराव लागतो.

मजकुराच्या या उड्यांना गूगलने २०२० साली एक माप ठरवून दिलं. ०.१ च्या आत असेल तर पान चांगलं. आमचं त्याच्या बरंच बाहेर होतं, त्यावर तावातावाने चर्चा झाली, आणि ते आत आणण्यासाठी जाहिरातीची जागा आधीपासून रिकामी राखून ठेवायची असं ठरलं. हा त्या सगळ्या खटाटोपातला माझ्या मते सर्वांत शहाणा निर्णय. पण गंमत पुढेच आहे. आमच्याकडे कोण किती वेळ पानावर रेंगाळलं याचा तक्ता असतो. मावशी दूध बघायला गेली ती मिनिटं त्या तक्त्यात 'वाचकाची तल्लीनता' म्हणून जमा होतात. जो लेख उघडून फोन छातीवर ठेवून झोपी गेला, तो आमचा सर्वोत्तम वाचक. तक्ता पाहून साहेब खूश असतात आणि त्यांना हे सांगण्याची माझी इच्छा होत नाही.

मी मावशीला फोनमधली वाचकाची सोय दाखवली. ॲपलने २०१० मध्ये आपल्या सफारीत आणली, आता इतर ब्राउझरांतही असते. एक बटण दाबलं की पट्ट्या, चौकटी, जाहिराती, सगळं गायब होतं आणि नुसता मजकूर उरतो. आम्ही महिनोन्‌महिने बैठका घेऊन जे उभं करतो ते पाडायचं बटण दुसऱ्या कोणीतरी फुकट देऊन ठेवलंय. मावशी खूश झाली. "मग तुम्ही आधीच असं का नाही देत?" तिने विचारलं. मी मानधन, कार्यालयाचं भाडं वगैरे समजावून सांगू लागलो तेवढ्यात तिने भुवया वर केल्या. "आणि ते चित्र कुठे गेलं? बाईचं, छत्री घेतलेलं?" त्या बटणाने लेखाबरोबरचं रेखाचित्रही पालापाचोळा समजून झाडून टाकलं होतं. तेव्हा नुसता मजकूर म्हणजे लेखाचं पान, हेही काही खरं नाही. वसंत सरवट्यांचं चित्र असलं की लेखाआधी आपण ते वाचत होतो, आणि लेख संपल्यावर पुन्हा एकदा. 'किर्लोस्कर' मासिक घडवणारे शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते, तेव्हा पानाचं आणि मजकुराचं भांडण निदान एकाच डोक्यात मिटत असणार. मावशीने बटण पुन्हा दाबून सगळं परत आणलं, पट्ट्यांसकट. चित्र बघितलं. अंगठा जागेवर नेला.

नवं पान शेवटी एका सोमवारी लोकांपुढे गेलं. पहिल्याच दिवशी पत्रं आली की जुनं बरं होतं. त्यांतल्या काहींनी त्या जुन्या पानाबद्दल ते नवं असताना हेच लिहिलं होतं. हे असंच चालत आलंय. मुंबईत मराठी छपाई नवी होती तेव्हा शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापलेल्या पोथीला हात लावेनात, तेव्हा मुद्रक गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घातलं, असं सांगतात. वाचकाला नव्या पानावर आणायचं तर काय करावं लागतं याचं मला तरी याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' सुरू केलं तेव्हा पानावर दोन रकाने होते, एकात इंग्रजी, शेजारी मराठी. दोन्हींना जागा मिळावी ही सोय त्यांनी पहिल्या दिवशीच पाहिली होती. त्यांना कोणी विचारलं नसावं, की डाव्या रकान्यातले किती वाचक उजव्या रकान्यात टिकतात.

त्या पत्रांमध्ये एक वेगळं होतं. कोल्हापूरच्या एका निवृत्त शिक्षकांचं. मांडणी, रंग, पट्ट्या, कशाबद्दल तक्रार नाही. त्यांचं म्हणणं, 'तुमच्या नव्या पानावर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. आम्ही मुलांना पाकळीचा ल आणि देठाचा श शिकवला, शासनाचा निर्णयही तसाच आहे. तेव्हा पाहावे.' मी जाऊन पाहिलं. खरंच, सगळीकडे दंड असलेला ल. इतक्या बैठका झाल्या, इतक्या जणांनी ते पान निरखलं, मीही निरखलं, आणि एकालाही ल दिसला नाही.

डिझायनर मुलीला पत्र दाखवलं. तिने तांत्रिक विभागातल्या मुलाला बोलावलं. चांगल्या फॉन्टांत दोन्ही वळणं ठेवलेली असतात. पानाच्या कोडमध्ये भाषा कोणती ते लिहिलेलं असतं, तिथे मराठी म्हटलं की मराठी ल बाहेर येतो. आमचा साचा आयता आणलेला, त्यात हिंदी लिहिलेलं होतं. मुलाने 'एच आय' ही दोन अक्षरं खोडून 'एम आर' लिहिलं आणि पान पुन्हा उघडलं. हजारो लेखांतले सगळे ल एकदम फिरले. मी शिक्षकांना आभाराचं पत्र लिहिलं आणि महिन्याच्या अहवालात या बदलाची एक ओळ घातली. ती वाचून साहेबांनी एवढंच विचारलं, की याने पान किती लवकर उघडतं, आणि हे काम आपण सल्लागारांच्या बिलात धरायचं की वेगळं.